इसेचे देवस्थान : गेकूपासून नाइकूपर्यंतची यात्रा कशी करावी

जपानमध्ये देवस्थानांना तोटा नाही, पण पुढेमागे काही न जोडता नुसते ‘जिंगू’ म्हटले की ते मिए प्रांतातल्या इसे शहराचे देवस्थान असते. हेच त्याचे अधिकृत नाव आहे; ‘इसे जिंगू’ हे आपण ओळखीसाठी म्हणतो. सूर्यदेवता आमातेरासु ओमिकामी हिचे नाइकू म्हणजे आतले देवालय आणि अन्नवस्त्राची देवता तोयोउके ओमिकामी हिचे गेकू म्हणजे बाहेरचे देवालय, ही येथील दोन मुख्य ठाणी. त्यांच्या परिवारातली लहानमोठी धरून एकूण १२५ देवालये होतात. परंपरा नाइकूचा काळ सुमारे २००० वर्षे मागे नेते आणि गेकूचा सुमारे १५००.

जाण्यापूर्वी एक गोष्ट मनाशी पक्की करून घ्यावी, नाहीतर निराशा पदरी येते. आपण देवळात ‘दर्शन’ घ्यायला जातो आणि त्या शब्दातच पाहणे गृहीत असते. गाभारा दिसावा, मूर्तीचे मुख दिसावे, यासाठी आपण तासन्‌तास रांगेत उभे राहतो. इसेत पाहायला जवळजवळ काही मिळत नाही. मूर्ती नाहीच. देवतेचे प्रतीक असलेला पवित्र आरसा कोणाच्याही दृष्टीस पडत नाही, आणि मुख्य वास्तूभोवती लाकडी कुंपणांचे चार वेढे असल्यामुळे यात्रेकरू एका दारापुढे, वाऱ्याने हलणाऱ्या पांढऱ्या रेशमी पडद्यासमोर, थांबतो. म्हणून इसेची यात्रा ही पाहण्याची नसून करण्याची गोष्ट आहे: चालणे, धुणे, वाकणे, टाळी वाजवणे, आणि हे सगळे ठरलेल्या क्रमाने. तो क्रम नीट समजावा यासाठी हा लेख आहे.

दिवस आणि वेळ

दोन्ही देवालये पहाटे ५ वाजता उघडतात. बंद होण्याची वेळ मात्र ऋतूप्रमाणे बदलते: जानेवारी ते एप्रिल आणि सप्टेंबरमध्ये संध्याकाळी ६, मे ते ऑगस्ट ७ आणि ऑक्टोबर ते डिसेंबर ५. प्रवेशशुल्क नाही. नववर्षाच्या दिवसांत येथे अफाट गर्दी होते. तो सोहळा अनुभवायचाच असेल तर गोष्ट वेगळी, एरवी ते दिवस टाळावेत. ऑक्टोबरच्या मध्यावर होणारा कान्नामेसाई, म्हणजे नव्या तांदळाचा नैवेद्य दाखवण्याचा उत्सव, हा येथील वर्षातला सर्वांत मोठा विधी असतो.

तारीख निवडण्याची मोकळीक असेल तर महिन्याची १, ११ किंवा २१ तारीख साधावी. त्या दिवशी सकाळी ८ च्या सुमारास देवस्थानचा पवित्र घोडा, अंगावर झूल घालून, मुख्य देवालयापुढे वंदनासाठी नेला जातो. १ तारखेला तर स्थानिक लोकही पहाटेपासून येतात, कारण महिन्याच्या पहिल्या दिवशी देवाला जाण्याची येथे जुनी रीत आहे.

शिंतो, म्हणजे जपानच्या मूळ पारंपरिक धर्माच्या, रीतीत मृत्यूच्या अशौचाला फार महत्त्व आहे. जवळच्या नात्यात कोणी गेले असेल तर सामान्यतः ५० दिवस देवस्थानात जात नाहीत. सुतक पाळणाऱ्या घरांतल्या वाचकांना याचे आश्चर्य वाटू नये. परदेशी पाहुण्याला कोणी असे काही विचारत नाही, पण रीत ठाऊक असलेली बरी.

इसेला पोहोचणे

नागोयाहून किंतेत्सु कंपनीच्या जलद गाडीने इसे-शी स्थानक साधारण दीड तासाच्या आत गाठता येते. ओसाकाहून पावणेदोन आणि क्योतोहून दोन तासांच्या आसपास वेळ लागतो. या गाडीला मूळ तिकिटाखेरीज जलद गाडीचे वेगळे तिकीट लागते आणि जपान रेल्वेचा पर्यटक पास तिथे चालत नाही. पास हाताशी असेल तर नागोयाहून सुटणारी जपान रेल्वेची ‘मिए’ ही गाडी घ्यावी. मात्र तिच्या वाटेतला एक तुकडा दुसऱ्या रेल्वे कंपनीचा असल्याने तेवढ्या अंतराचे पैसे वेगळे द्यावे लागतात. गाडीत तपासनीस मागतो तेव्हा गोंधळून जाऊ नये.

मुक्काम शक्यतो इसे शहरातच करावा. पहिल्या खेपेला मी क्योतोहून सकाळी निघून संध्याकाळी परतायचे ठरवले आणि वेळ वाचवण्यासाठी थेट नाइकू गाठले. गेकू राहूनच गेले. दोहोंपैकी एकाच ठिकाणी जाऊन परतण्याला जपानीत ‘काता-माइरी’ म्हणजे अर्धी यात्रा म्हणतात आणि ती चांगली समजत नाहीत. ती रुखरुख दुसऱ्या भेटीपर्यंत मनात राहिली. एक रात्र राहिल्यास पहाटे गेकू आणि सकाळी नाइकू असा निवांत क्रम लागतो. गेकूला एक ते दीड तास आणि नाइकूला दीड ते दोन तास धरावेत.

जुने यात्रेकरू त्याही आधी फुतामीच्या समुद्रकिनारी जाऊन समुद्रस्नान करीत, आणि शुद्ध होऊन मगच इसेत पाऊल ठेवीत. फुतामीला समुद्रात ‘मेओतो इवा’ हे दोन खडक आहेत, पती-पत्नी मानलेले आणि तांदळाच्या पेंढ्याच्या जाड दोराने एकमेकांना बांधलेले. हाताशी दीड दिवस असेल तर सुरुवात तिथून करण्यासारखी आहे.

आधी गेकू

इसे-शी स्थानकातून बाहेर पडले की सरळ रस्त्याने पाच-दहा मिनिटांत गेकू येते. आधी इथे येण्यामागे कारण आहे. सम्राट युर्‍याकूच्या स्वप्नात आमातेरासु आली आणि एकटीला सुखाने जेवता येत नाही, तेव्हा तानबा प्रांतातून तोयोउकेला आणावे, असे तिने सांगितले, अशी गेकूची जन्मकथा आहे. म्हणजे तोयोउके ही सूर्यदेवतेच्या जेवणाची काळजी वाहणारी देवता. देवस्थानचे विधीसुद्धा आधी गेकूत आणि मग नाइकूत होतात. यात्रेकरूने तोच क्रम धरायचा.

प्रवेशाशी हियोकेबाशी, म्हणजे आगीपासून रक्षण करणारा, छोटा पूल लागतो. गेकूत वाटेच्या डाव्या कडेने चालतात आणि नाइकूत उजव्या. मधला भाग देवतेचा मानतात, म्हणून मधोमध चालू नये, आणि ओलांडावा लागलाच तर मान किंचित झुकवून ओलांडावा. तोरी, म्हणजे दोन खांबांचे लाकडी कमानद्वार, आली की क्षणभर थांबून टोपी काढावी, कमरेतून हलके वाकावे आणि मग आत शिरावे. इसेच्या तोरी रंगवलेल्या नसतात. जपानची म्हणून आपल्या डोळ्यांत बसलेली शेंदरी कमान येथे शोधू नये. येथे साधे, उघडे लाकूड असते, आणि दोराऐवजी साकाकी या सदाहरित झाडाच्या डहाळ्या बांधलेल्या असतात.

पूल ओलांडल्यावर डाव्या हाताला तेमिझुशा, म्हणजे हात-तोंड धुण्याची जागा, आहे. इथे बहुतेक पाहुणे चुकतात, म्हणून थोडे विस्ताराने सांगतो. दगडी कुंडावर लांब दांड्याची ओगराळी ठेवलेली असतात. उजव्या हाताने ओगराळे घेऊन ते एकदाच पूर्ण भरावे, कारण सगळी क्रिया त्या एका भरण्यातच उरकायची असते. आधी थोडे पाणी डाव्या हातावर घालावे. मग ओगराळे डाव्या हातात घेऊन उजवा हात धुवावा. पुन्हा ते उजव्या हातात घेऊन डाव्या हाताच्या ओंजळीत थोडे पाणी घ्यावे आणि त्याने हलकी चूळ भरावी. ओगराळ्याला तोंड लावायचे नाही. चुळीचे पाणी कुंडात न टाकता खाली, कडेच्या चरात, हळूच सोडावे. मग डावा हात पुन्हा धुवावा आणि शेवटी ओगराळे उभे धरून उरलेले पाणी दांड्यावरून ओघळू द्यावे, म्हणजे पुढच्या माणसासाठी दांडा स्वच्छ होतो. ओगराळे पालथे ठेवून बाजूला व्हावे. मागे रांग असली तरी घाई करू नये. सगळे मिळून अर्धा मिनिटही लागत नाही. हात पुसायला रुमाल मात्र आठवणीने खिशात ठेवावा.

दोन तोरी ओलांडल्या की उजव्या हाताला मुख्य देवालय येते. वंदनाची रीत अशी आहे: कमरेतून पूर्ण वाकून दोन प्रणाम करावेत; मग हात छातीसमोर आणून दोन टाळ्या वाजवाव्यात, आणि वाजवताना उजवा तळवा डाव्यापेक्षा थोडा खाली सरकवावा; क्षणभर मनात जे म्हणायचे ते म्हणावे; शेवटी पुन्हा एक खोल प्रणाम करून मागे सरावे. नाणे टाकायलाच हवे असे नाही. प्राचीन काळी इसेत सम्राटाखेरीज कोणीही देवतेला खाजगी अर्पण करू नये, असा दंडकच होता. आज लोक नाणी वाहतात, पण येथे घंटा नाही आणि भविष्याच्या चिठ्ठ्याही विकत नाहीत. इसेला येणे हेच भाग्य, तर वेगळी चिठ्ठी कशाला, असा त्यामागचा विचार सांगतात.

आणखी एक संकेत आहे आणि तो मला फार आवडतो. मुख्य देवालयापुढे स्वतःसाठी काही मागायचे नाही. तिथे आभार मानायचे. मागणे मागायचे असेल तर गेकूत ९८ पायऱ्या चढून तागानोमिया या देवालयात आणि नाइकूत आरामात्सुरिनोमिया येथे जावे. देवतेचे सौम्य रूप आणि उग्र, कार्यप्रवण रूप अशी शिंतोत कल्पना आहे, आणि ही दोन देवालये त्या दुसऱ्या रूपाची आहेत. पाय साथ देत असतील तर तागानोमिया चुकवू नये.

गेकूच्या कुंपणाआड मिकेदेन नावाची एक वास्तू आहे. तिथे दररोज दोन वेळा, उन्हाळ्यात सकाळी ८ व दुपारी ४ ला आणि हिवाळ्यात सकाळी ९ व दुपारी ३ ला, देवतांना जेवण वाढले जाते. हा क्रम सुमारे १५०० वर्षे चालत आल्याचे सांगतात. लाकडावर लाकूड घुसळून विस्तव पाडायचा, त्यावर भात शिजवायचा, पाणी ठरावीक विहिरीचे, मीठ फुतामीजवळ देवस्थानाने स्वतः तयार केलेले, तांदूळ देवस्थानाच्याच शेतातला. सोबत मासे, समुद्रातले शेवाळ, भाज्या, फळे आणि तांदळाचे मद्य. पुजारी आदल्या रात्रीपासून वेगळे राहून शुचिर्भूत होतात. विधी आपल्याला दिसत नाही, पण त्या वेळेच्या सुमारास परिसरात असलो तर पांढऱ्या वस्त्रांतले पुजारी खडीवरून एका ओळीत जाताना दिसू शकतात. तेव्हा बाजूला होऊन, मान झुकवून, वाट द्यावी.

रिकामी जागा

गेकूच्या मुख्य देवालयाशेजारी पांढऱ्या गोट्यांनी झाकलेला, तेवढ्याच मापाचा एक रिकामा चौकोन आहे आणि त्यात एक लहानशी लाकडी खोपटी. पुष्कळ लोक तिथे न थांबता पुढे जातात. माझ्या मते सगळ्या इसेत सर्वांत जास्त वेळ उभे राहण्यासारखी जागा हीच आहे. दर २० वर्षांनी शेजारच्या जागेवर तसेच्या तसे नवे देवालय उभारून देवता तिथे नेतात आणि जुने उतरवतात. यालाच शिकिनेन सेंगू म्हणतात. खोपटीखाली जुन्या देवालयाच्या मध्यस्तंभाची जागा राखून ठेवलेली असते. पहिला सेंगू इ. स. ६९० मध्ये सम्राज्ञी जितोच्या काळात नाइकूत झाला. युद्धांच्या काळात सव्वाशे वर्षांच्या आसपास खंड पडला. ६२ वा २०१३ मध्ये झाला आणि पुढचा २०३३ मध्ये आहे. त्यासाठीचे विधी २०२५ मध्येच सुरू झाले.

एका सेंगूला हिनोकीची, म्हणजे जपानी सायप्रसची, सुमारे १०,००० झाडे लागतात. आज त्यांतली बहुतेक किसोच्या डोंगरांतून येतात. देवस्थानाच्या स्वतःच्या सुमारे ५,५०० हेक्टर वनात १९२० च्या दशकापासून, दोनशे वर्षांचा हिशेब डोळ्यांपुढे ठेवून, हिनोकी वाढवली जात आहे. नुसती इमारत नव्हे, तर देवतेची वस्त्रे, शस्त्रे, अलंकार असे १,५०० हून अधिक जिन्नस जुन्या पद्धतीने नव्याने घडवतात. वीस वर्षे हा काळ असा, की तरुणपणी हाताखाली शिकलेला सुतार पुढच्या खेपेला मुख्य कारागीर असतो आणि त्यानंतरच्या खेपेला शिकवणारा म्हातारा. विद्या हातातून हातात जाते. दगडी देवळांवर वाढलेल्या आपल्या नजरेला ‘जुने’ या शब्दाचा हा अर्थ सुरुवातीला पटत नाही: यातला एकही खांब जुना नाही आणि तरी घर तेच आहे. गेकूच्या प्रवेशाजवळ तळ्याकाठी असलेल्या सेंगूकान या संग्रहालयात देवालयाच्या एका भागाची पूर्ण आकाराची प्रतिकृती आहे. आत न जाता त्या वास्तूचे लाकूड आणि गवताचे छप्पर जवळून बघायचे, तर ती एकच जागा.

छप्पर बाहेरूनही थोडे दिसते आणि दोन देवालयांतला फरक तिथेच ओळखता येतो. आढ्याच्या दोन टोकांना फुलीसारखे वर निघालेले वासे, म्हणजे चिगी, गेकूत उभे कापलेले असतात आणि नाइकूत आडवे. आढ्यावर आडव्या ठेवलेल्या गोल ओंडक्यांची संख्या गेकूत ९ आणि नाइकूत १० असते.

नाइकू

गेकूसमोरून ५१ किंवा ५५ क्रमांकाची बस घ्यावी. पंधरा-वीस मिनिटांत ती नाइकूपाशी सोडते. उतरल्यावर समोर इसुझु नदीवरचा उजी पूल दिसतो, १०१.८ मीटर लांबीचा, हिनोकीच्या फळ्यांचा आणि तोही दर २० वर्षांनी नवा होणारा. दोन टोकांच्या दोन तोरी जुन्या मुख्य देवालयांच्या आढ्याखालच्या खांबांपासून केलेल्या असतात: बाहेरची गेकूच्या, आतली नाइकूच्या. इथली वीस वर्षे सरली की त्या कुवाना आणि सेकी या जुन्या वाटांवरच्या गावी जाऊन आणखी वीस वर्षे उभ्या राहतात. हिवाळ्यातल्या सर्वांत लहान दिवसाच्या आसपास सूर्य नेमका बाहेरच्या तोरीच्या मधून उगवतो.

पुलावर शिरण्यापूर्वी वाकावे. आत जाताना डाव्या कठड्यावरच्या ब्राँझच्या कळसांपैकी दुसरा नीट पाहावा: बाकीचे काळपट हिरवे, हा मात्र हातांनी घासून चकचकीत. त्यात पुलाच्या रक्षणासाठी एक ताईत ठेवलेला आहे आणि सुखरूप परत येण्यासाठी लोक त्याला हात लावतात. पूल संपला की खडीची रुंद वाट सुरू होते. प्रत्येक पावलाचा आवाज होतो, आणि सकाळी सहा-साडेसहाला गेलात तर तोच एक आवाज असतो.

पुढे उजवीकडे वाट नदीला उतरते. दगडी फरसबंदीचा हा घाट १६९२ मध्ये शोगुन, म्हणजे तेव्हाचा लष्करी राज्यकर्ता, त्सुनायोशी याची आई केइशोइन हिने बांधून दिला असे सांगतात. तेमिझुशात हात धुतले असले तरी इथे यावे, काठावर बसून नदीत हात बुडवावेत. तळाचे गोटे स्वच्छ दिसतात. जुन्या यात्रेकरूंनी हात धुतले ते इथेच, आणि माझ्या मते ओगराळ्यापेक्षा हे बरे.

मग उंच सुगी वृक्षांमधून मुख्य देवालयाच्या दगडी पायऱ्यांपाशी पोहोचावे. छायाचित्र घेण्याची परवानगी पायऱ्यांच्या खालपर्यंतच आहे. वर जाताना मोबाइल खिशात ठेवावा. वर पांढरा पडदा, त्यापुढे वंदन, गेकूसारखेच. वारा आला आणि पडदा वर उचलला गेला तर आतले अंगण क्षणभर दिसते. त्यासाठी रेंगाळून मागच्यांना अडवू नये. मनात आभार म्हणून बाजूला व्हावे आणि डावीकडच्या वाटेने आरामात्सुरिनोमियाकडे जावे.

आई-वडिलांना घेऊन जाणाऱ्यांनी खडी ध्यानात घ्यावी. सपाट तळव्याचे, मऊ बूट हवेत. ते कुठे काढावे लागत नाहीत. खडीवर चालणारी जाड टायरची चाकाची खुर्ची प्रवेशाशी मागितल्यास मिळते, पण मुख्य देवालयाच्या पायऱ्या आहेतच. पाळीव प्राण्यांना प्रवेश नाही. एदो काळात (सतरावे ते एकोणिसावे शतक) मात्र आजारी धनी आपल्या कुत्र्याला गळ्यात पैसे आणि चिठ्ठी बांधून इसेला धाडीत, आणि वाटेतले लोक त्याला खाऊ घालत पुढे पोहोचवीत. १८३० च्या मोठ्या यात्रेत ४० लाखांहून अधिक माणसे अशीच लोकांच्या दातृत्वावर, हातात एक ओगराळे घेऊन, चालत आली होती.

परतताना पुलाच्या टोकाला मागे वळून पुन्हा वाकावे.

नंतरचे खाणे

पुलाबाहेर ओहाराइमाची ही सुमारे ८०० मीटरची जुनी पेठ आहे. तिथे १७०७ पासूनच्या आकाफुकु या दुकानात, चिकट तांदळाच्या मोचीवर अझुकी या लाल कडधान्याचे गोड पुरण लावलेला पदार्थ मिळतो. पुरणावर तीन बोटांच्या खुणा असतात. त्या इसुझु नदीचे प्रवाह आणि खालची पांढरी मोची म्हणजे तळाचे गोटे. शाकाहारी वाचकाने हा बिनधास्त खावा. इसे उदोन हे जाड, मऊ शेवयांचे खाणे मात्र दिसायला शाकाहारी असले तरी त्याच्या काळ्या रसात बहुधा सुक्या माशाचा अर्क असतो, म्हणून विचारल्याशिवाय मागवू नये. पेठेतल्या घरांच्या दारांवर पेंढ्याचे तोरण दिसेल. इतरत्र ते नववर्षापुरते असते, इसेत वर्षभर राहते.

ज्यांना तारीख पुढे ढकलता येईल त्यांच्यासाठी एक शेवटची माहिती. सेंगूपूर्वी काही काळ जुने आणि नवे देवालय शेजारी शेजारी उभी असतात, आणि देवता नव्या घरात येण्याआधी ‘ओशिराइशी-मोची’ नावाचा विधी होतो. इसेचे रहिवासी, आणि २०१३ मध्ये तर नावे नोंदवलेले बाहेरगावचे लोकही, नवी पांढरी वस्त्रे घालून, मियागावा नदीतला एकेक पांढरा गोटा शुभ्र फडक्यात धरून कुंपणांच्या आत जातात आणि नव्या देवालयाभोवती तो ठेवतात. एरवी जिथे पडदाही ओलांडता येत नाही तिथे सामान्य माणसाचे पाऊल पडते ते वीस वर्षांतून तेवढेच, आणि तेही हातातला गोटा ठेवण्यापुरते.